वॉरंटी शिल्लक आहे, तक्रारीची मुदत मात्र संपत आली

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत, जाता जाता लिहिली आहे: सर्व्हिस सेंटरने तुमच्या बंद पडलेल्या लॅपटॉपची वॉरंटी नाकारली त्या जॉबशीटवरची, म्हणजे सेंटरने दिलेल्या तपासणीच्या कागदावरची, तारीख. या महिनाअखेरीस तिला एक वर्ष अकरा महिने होतील. रॅम कुठली बसवली, पेस्ट कुणी बदलली, सील कुणी फाडलं, हे सगळं नंतर पाहू. ग्राहक संरक्षण कायदा 2019च्या कलम 69प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. म्हणजे तुमच्या हातात महिना आहे, आणि तो निम्मा कागद गोळा करण्यातच जाणार आहे.

अशी पत्रं माझ्याकडे सारखी येतात आणि त्यांची गोष्ट जवळपास सारखीच असते. गेमिंग लॅपटॉप घेतला, खेळताना तो तापून मंद व्हायला लागला, हेल्पलाइनवाल्यांनी ‘गेमिंग लॅपटॉप तापतातच’ म्हणून फोन ठेवला. मग चौथ्या महिन्यात तुम्ही एका तंत्रज्ञाकडून तो उघडून घेतला, थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता बाहेर नेणारा लेप, बदलली, त्याच बैठकीत जास्तीची रॅम आणि दुसरा एसएसडी बसवला. सहा महिने उत्तम चालला. दहाव्या महिन्यात एकाएकी बंद पडला, चार्जिंगचा दिवाही लागेना. सर्व्हिस सेंटरने स्क्रूवरच्या फाटलेल्या सीलचा फोटो काढला, वॉरंटी रद्द झाल्याचं सांगितलं आणि मदरबोर्डचं कोटेशन हातात दिलं. त्यानंतर जवळपास दोन वर्षं तुम्ही ईमेल करत बसलात.

तुम्ही विचारता, तीन वर्षांच्या वॉरंटीतले तीन महिने अजून बाकी आहेत, मग घाई कसली? इथेच बहुतेकांची फसगत होते. वॉरंटी किती काळाची हे कंपनी ठरवते. दाद मागायची मुदत कायदा ठरवतो. ‘दुरुस्त करून देणार नाही’ असं तुम्हाला लेखी सांगितलं गेलं, त्या दिवसापासून दुसरी मुदत चालू झाली. पहिली शिल्लक आहे म्हणून दुसरी थांबत नाही. आणि ‘आपली बाब वरिष्ठांकडे विचाराधीन आहे’ अशी जी सात-आठ उत्तरं तुम्ही जपून ठेवली आहेत, त्यांनीही ती थांबत नाही. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही, हे ग्राहक आयोगांपुढे वर्षानुवर्षं ठरलेलं आहे. शेवटच्या ईमेलपासून नव्याने दोन वर्षं मोजावीत असा युक्तिवाद करता येतो, गरज पडली तर करूही. पण त्याच्या भरवशावर बसू नका. स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध बी. एस. ॲग्रिकल्चर इंडस्ट्रीज या 2009च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की तक्रार मुदतीत आहे की नाही, हे ग्राहक मंचाने (आताच्या आयोगाने) आधी स्वतःहून तपासलंच पाहिजे. निकाल जुन्या 1986च्या कायद्यावरचा आहे, पण मुदतीची तरतूद नव्या कायद्यातही तशीच आहे. समोरचा वकील गप्प बसला तरी आयोग विचारणार.

उशीर माफ करण्याची सोय कलम 69मध्येच आहे. त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं आणि आयोगाला ते नोंदवावं लागतं. ‘कंपनी काहीतरी करेल असं वाटलं’ हे सबळ कारण मानलं जाईल का, याची हमी मी देणार नाही. ज्यांना गंभीर आजार झाला, ज्यांच्या घरात मृत्यू झाला, त्यांचे अर्जसुद्धा तारीखवार हिशेब मागून तपासले जातात.

मित्राने सांगितलं म्हणून तुम्ही आधी वकिलाची नोटीस पाठवून पंधरा दिवस वाट पाहणार आहात. नोटीस जरूर पाठवा, पण वाट पाहू नका. ग्राहक आयोगात जाण्याआधी नोटीस देणं बंधनकारक नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीत तरी चालेल, कधी कधी कंपनी तेवढ्याने हलते. मात्र त्या नोंदीनेही मुदत थांबत नाही. नोटीस आणि तक्रारीचा मसुदा एकाच आठवड्यात तयार झाला पाहिजे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, वॉरंटी कार्डावर कंपनीने आपल्या सोयीचं कुठलंही न्यायालय छापलेलं असो. ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. उत्पादक, विक्रेता आणि सर्व्हिस सेंटर, तिघांनाही पक्षकार करा.

आता दुसरी गोष्ट, आणि ही वाचून मला खरोखर चिंता वाटली. तुम्ही लिहिता की या रविवारी लॅपटॉप मदरबोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका खाजगी माणसाकडे नेणार आहात, ‘निदान दोष तरी कळेल’. नेऊ नका. वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोग कलम 38प्रमाणे ती सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तपासणीची फी तुम्हाला भरावी लागेल. आयोग तसं करेलच असं नाही, काही ठिकाणी जाणकाराच्या प्रतिज्ञापत्रावर भागवलं जातं. पण दोन्हीसाठी बोर्ड आज आहे तसाच असावा लागतो. त्यावर आणखी एका माणसाची सोल्डरिंग गन फिरली, की कुठला डाग कुणाचा हे कुणीच सांगू शकणार नाही. तुम्ही घातलेली रॅम आणि एसएसडीसुद्धा काढू नका. डेटा हवा असेल तर थांबा. परवानगीचा अर्ज तक्रारीसोबतच देता येईल. आत्ता चारही बाजूंनी आणि तळाच्या प्रत्येक स्क्रूचे फोटो काढा, सिरियल नंबर दिसेल असा एक व्हिडिओ करा आणि लॅपटॉप बंद खोक्यात ठेवा.

सील फाटलं म्हणजे सगळं संपलं का, या प्रश्नावर मी सावध आहे, पण निराश नाही. तुम्ही पाठवलेल्या वॉरंटीच्या अटीत शब्द असे आहेत: ग्राहकाने किंवा अनधिकृत व्यक्तीने केलेल्या बदलांमुळे झालेलं नुकसान वगळलं आहे. ‘लॅपटॉप उघडल्यास वॉरंटी संपेल’ असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. ते फक्त स्टिकरवर आहे आणि काउंटरवरच्या माणसाच्या तोंडी. अटीचा आधार घेणाऱ्याने ती लागू होते हे दाखवावं, ही आपली बाजू. जॉबशीट पुन्हा वाचा. ‘कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज’ (ग्राहकामुळे झालेलं नुकसान) या चौकटीत खूण आहे, शेऱ्यात ‘सील टॅम्पर्ड’ (सीलशी छेडछाड) आहे, आणि निदानाची ओळ कोरी आहे. कुठला भाग जळला, का जळला, एक अक्षर नाही. सर्व्हिस सेंटरने बिघाड शोधलाच नाही, मग तो तुमच्यामुळे झाला हे कशावरून ठरवलं? तुमची तक्रार या कोऱ्या ओळीभोवती उभी राहील.

पण खाली तुमची सही आहे. ‘वरील निरीक्षण मान्य’ या छापील वाक्याखाली. न वाचता केलीत असं म्हणता, आणि मी त्यावर विश्वास ठेवतो, पण समोरचा वकील तीच सही पहिल्यांदा दाखवेल. दोन शब्द, ‘निरीक्षण अमान्य’, लिहून सही केली असती तर आज इतका घाम गाळावा लागला नसता. ज्यांचा लॅपटॉप अजून सर्व्हिस सेंटरमध्ये आहे, त्यांनी निदान एवढं तरी करावं.

बदल तीन आहेत आणि तिघांचं वजन वेगवेगळं आहे. रॅम आणि एसएसडीची मला फारशी काळजी नाही. तुमच्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत तळाचं झाकण उघडून या दोन गोष्टी कशा बदलायच्या याची चित्रं असतील, तर कंपनीनेच परवानगी दिली असं म्हणता येतं. ती पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावरून आजच उतरवून ठेवा. नवी आवृत्ती आली की जुनी सापडेलच असं नाही.

खरा वाद थर्मल पेस्टवर होईल. पेस्ट बदलायची तर हीटसिंक, म्हणजे चिपवरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, काढावा लागतो, आणि हीटसिंक नुसता प्रोसेसर व ग्राफिक्स चिपवर बसलेला नसतो. शेजारच्या मेमरी चिप आणि वीजपुरवठ्याचे भाग यांच्यावर मऊ थर्मल पॅड असतात, एक मिलिमीटर, दीड मिलिमीटर अशा ठरलेल्या जाडीचे. पॅड फाटला आणि त्या जागी अर्धा मिलिमीटर पातळ पॅड बसवला, तर हीटसिंक त्या भागाला टेकतच नाही. पडद्यावर प्रोसेसरचं तापमान छान दिसत राहतं आणि वीजपुरवठ्याचा भाग बाजूला भाजत असतो. तुमचा लॅपटॉप दिवाही न लागता बंद पडला आहे, म्हणून कंपनीचा तज्ज्ञ इथेच बोट ठेवेल अशी माझी अटकळ आहे. त्याहून वाईट शक्यता म्हणजे तंत्रज्ञाने पेस्टऐवजी लिक्विड मेटल लावलं असेल. ते गॅलियमचं मिश्रण असतं, त्यातून वीज वाहते, ॲल्युमिनियम ते खाऊन टाकतं. चिपच्या कडेच्या बारीक कपॅसिटरवर त्याचा एक चकचकीत थेंब जरी सापडला, तर ‘बदलांमुळे’ हे सिद्ध करायला कंपनीला फार कष्ट पडणार नाहीत. मग मी तुम्हाला तडजोडीचा सल्ला देईन.

तेव्हा तंत्रज्ञाला गाठा. काय लावलं, पॅड बदलले की जुनेच ठेवले, हे त्याच्याकडून प्रतिज्ञापत्रावर हवं. तुम्ही बिल घेतलं नाही, ‘ओळखीचा आहे’ म्हणून. ओळखीची माणसं प्रतिज्ञापत्राचं नाव काढलं की फोन उचलत नाहीत. निदान पैसे ऑनलाइन दिले असतील तर ती नोंद आणि त्या दिवसांतले त्याचे मेसेज काढा.

तुमच्या बाजूचा भक्कम पुरावा तुम्ही पत्रात अर्ध्या ओळीत उरकला आहे: उघडण्याआधीचे तापमानाचे स्क्रीनशॉट. अनेक इंटेल मोबाइल प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 अंश सेल्सिअस असते आणि तिथे पोहोचला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. मूळ सील शाबूत असताना, चौथ्या महिन्याच्या आत, तुमचा लॅपटॉप वारंवार त्या मर्यादेला टेकत होता. पेस्ट बदलल्यावर त्याच गेममध्ये तापमान उतरलं आणि पुढचे सहा महिने उतरलेलंच राहिलं. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या तर कूलिंगची अडचण आधीची होती हे दिसतं. हेल्पलाइनला केलेल्या फोनचा तक्रार क्रमांक तुम्ही घेतला नाहीत. मोबाइल कंपनीकडून कॉलची यादी मिळते का पाहा, जुनी असल्याने कदाचित मिळणार नाही. स्क्रीनशॉट ज्या फाइलमध्ये आहेत ती मूळ फाइल जपा, आणि सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63खालचं प्रमाणपत्र जोडा. आयोग त्याबाबत न्यायालयाइतके काटेकोर नसतात, तरी आक्षेपाला जागा कशाला ठेवायची?

तुम्ही एक प्रश्न हळूच विचारला आहे: ‘आधीपासूनच सील फाटलेलं होतं असं म्हटलं तर?’ नाही. आयोगापुढची सुनावणी प्रतिज्ञापत्रावर चालते. खोटं शपथेवर लिहायचं नाही, आणि बोर्डावर दुसरी पेस्ट दिसताच ते पाच मिनिटांत उघडं पडेल. लॅपटॉप उघडला होता, का उघडला होता, हे तक्रारीच्या पहिल्याच पानावर सांगा.

तुम्ही जोडलेल्या व्हिडिओतला ‘वॉरंटी सील बेकायदा आहे’ हा दावा अमेरिकेतल्या 1975च्या मॅग्नसन-मॉस कायद्यावर बेतलेला आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 2018मध्ये अशा स्टिकरवरून काही कंपन्यांना इशाऱ्याची पत्रं पाठवली होती, हे खरं. इथल्या आयोगात त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे डिसेंबर 2022मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं सरकारी पोर्टल सुरू झालं, त्यावर माहिती मिळते, पण त्याच्या जोरावर दावा उभा राहत नाही. उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई मागण्याच्या, प्रकरणाचाही मोह नको. त्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येत खुद्द वस्तूचं नुकसान येत नाही, आणि वस्तूत बदल केलेला असेल तर विक्रेत्याला कलम 87चा बचाव मिळतो. अट अन्यायकारक ठरवून मागायची असेल तर ते प्रकरण राज्य आयोगाकडे जातं. तुम्ही साध्या मार्गाने चला: वस्तूतला दोष आणि सेवेतली त्रुटी.

या लॅपटॉपवर व्हिडिओ एडिटिंगची कामं घेता असं लिहिलंय. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार असेल तर तुम्ही ग्राहकच आहात; तक्रारीत तसं एक वाक्य घाला.

मागणी माफक ठेवा. मदरबोर्डची मोफत दुरुस्ती, ते शक्य नसल्यास तेवढी रक्कम, वर खर्च आणि त्रासाची भरपाई. दहा महिने वापरलेल्या यंत्राचे पूर्ण पैसे परत मिळतील असं मी सांगणार नाही. किती काळ लागेल तेही सांगू शकत नाही. कायद्यात तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने, असं लिहिलेलं आहे. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, आणि ज्या कायद्याने ग्राहकाला दोन वर्षांच्या शिस्तीत बांधलं, तो निकालाची शिस्त मात्र पाळून घेऊ शकत नाही, याचा मला राग येतो. एक गोष्ट मात्र हातात ठेवा: नोटीस मिळाल्यावर कंपनीला लेखी म्हणणं 30 दिवसांत, फार तर आणखी 15 दिवसांत द्यावं लागतं. ही मुदत आयोग वाढवू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020मध्ये, तेव्हाच्या कायद्यावर, ठरवलं आहे. नोटीस कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोहोचल्याची पावती जपून ठेवा आणि 46व्या दिवशी आयोगाच्या पटलावर ती तारीख दाखवा.

आज संध्याकाळपर्यंत खरेदीचं बिल, वॉरंटीच्या अटींची पूर्ण प्रत आणि जॉबशीटच्या दोन्ही बाजू मला पाठवा. जॉबशीटची मागची बाजू तुम्ही पाठवलेलीच नाही.