होम केअर सेवेची गुणवत्ता मोजायला कोणते निर्देशक निवडावेत?

तुम्ही लिहिलंय की तुमची होम केअर संस्था नवी आहे. हजेरी, वेळेवर येणं आणि नातेवाइकांचं रेटिंग हे तीन निर्देशक ठरलेत, आणखी कोणते घ्यावेत, असं तुम्ही विचारलंय. आईला सांभाळायला आम्ही ज्या ब्यूरोकडून मावशी घेतली होती, त्याला या तिन्हींत पैकीच्या पैकी गुण पडले असते. त्याच काळात आईला माकडहाडावर बेडसोर झाला.

अर्धांगवायूने आईची उजवी बाजू गेली होती. दिवसपाळीला ब्यूरोची मावशी, रात्री मी. पलंगाच्या कठड्याला तक्ता अडकवलेला, दर दोन तासांनी कूस बदलली की त्यावर खूण करायची. एकदा मी साडेपाचलाच ऑफिसातून आले, तर सहाची आणि आठची खूण आधीच झालेली. आई उताणीच. चादर बदलायला तिला कुशीवर घेतलं तेव्हा रुपयाएवढा लाल डाग दिसला. बोटाने दाबला, पांढरा पडला नाही. दाबूनही न जाणारी लाली म्हणजे बेडसोरची पहिली पायरी, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी पावडर लावली. आठवड्यात कातडी फुटली आणि पुढचे चार महिने ड्रेसिंग चाललं.

दादा परगावी. पैसे तो भरायचा, म्हणून महिन्याचा रिपोर्ट त्याच्या फोनवर. "अगं, रिपोर्ट तर उत्तम आहे, तूच जास्त टेन्शन घेतेस." पाच तारेही त्यानेच दिले होते. म्हणून सांगते, पैसे भरणाऱ्याचं रेटिंग धरूच नका. पेशंटला विचारा. त्याला बोलता येत नसेल तर रात्री डायपर कोण बदलतं, त्या माणसाला विचारा.

आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक डोनाबेडियन यांनी 1966 साली रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशी विभागणी मांडली, ती तुम्हाला माहीत असेलच. तुमच्या यादीत पेशंटच्या तब्येतीवर झालेला परिणाम कुठेच नाही. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटपैकी महिन्यात किती जणांना नवा बेडसोर झाला, किती जणांना अचानक पुन्हा ॲडमिट करावं लागलं, हे मोजा. एका पेशंटकडे महिन्यात किती वेगवेगळ्या मावश्या गेल्या, तेही मोजा. आमच्याकडे तीन महिन्यांत सात आल्या. आईला कोणता घास गिळता येतो, हे प्रत्येकीला नव्याने सांगावं लागायचं. पडण्याच्या नोंदी ठेवा, पण शून्य आकडा आला तर खूश होऊ नका, बहुधा कुणी सांगत नसतं. पडल्याचं कळवलं म्हणून पगार कापलात तर कधीच कळणार नाही.

एक मात्र खरं, प्रत्येक बेडसोर हलगर्जीपणानेच होतो असं नाही. काही पेशंट हॉस्पिटलातूनच तो घेऊन येतात. मधुमेह आणि कमी खाणं यांचाही वाटा असतो. म्हणून पहिल्याच दिवशी अंगभर त्वचा बघून नोंद करा आणि ब्रेडन स्केलवर, म्हणजे बेडसोरचा धोका गुणांत मोजायच्या तक्त्यावर, किती गुण पडले ते लिहून ठेवा. नाहीतर आकडे चांगले दिसावेत म्हणून जास्त धोक्याचे पेशंट नाकारायचा मोह होईल. त्या मावशीवरही माझा राग नाही. जड माणसाला एकटीने कसं वळवायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

तक्ता ठेवणारच असाल तर सुपरवायझरने न कळवता यावं, चादर बाजूला करून टाचा आणि माकडहाड स्वतः बघावं. आमच्याकडे सुपरवायझर बाई दोनदा आल्या. दोन्ही वेळा हॉलमध्ये बसून सही घेऊन गेल्या. आईची खोली पाच पावलांवर होती.