'लॉबी' लिहिण्याआधी ज्ञापन वाच

इंदूर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

स्मरणिकेसाठी लिहिलेला तुझा लेख वाचला. भाषा छान उतरली आहे. पण सराफ्यातल्या दागिनेवाल्यांची संघटना तुझ्या लेखात 'लॉबी' झाली, आणि रात्री त्याच गल्लीत दुकानं लावणाऱ्या खाऊवाल्यांची 'चळवळ'. अगं, दोघंही आपापल्या धंद्यासाठीच नगर निगमात खेटे घालतात. मग एकाला शिवी आणि दुसऱ्याला हार कशासाठी? भुट्ट्याचा कीस तुला आवडतो, एवढं कारण पुरत नाही.

दोघांनाही लागू पडेल असा शब्द म्हणजे दबावगट. सरकारचा निर्णय आपल्या बाजूने वळवायचा, पण स्वतः निवडणूक लढवून खुर्चीवर बसायचं नाही, असं ज्यांचं धोरण ते दबावगट. 1927 पासूनची उद्योगपतींची फिक्की त्यात येते आणि दत्तोपंत ठेंगडींनी 1955 साली आपल्या भोपाळात स्थापन केलेला भारतीय मजदूर संघही येतो. एखाद्या पक्षाशी किंवा विचाराशी जवळीक असली म्हणून नाव बदलत नाही. ती जवळीक मात्र वाचकाला सांगून टाकायची. निवडणुकीत उतरलं की खातं वेगळं. शरद जोशींची शेतकरी संघटना दबावगट होती, त्यांनीच 1994 साली काढलेला स्वतंत्र भारत पक्ष हा पक्ष.

अमेरिकेत लॉबिंग हा उघड धंदा आहे. 1995 च्या कायद्याने कोण कोणासाठी खटपट करतो आणि त्यावर किती पैसा जातो, हे नोंदवावं लागतं. आपल्याकडे तसा कायदा नाही, त्यामुळे शब्दाला वास येतो तो मागच्या दाराचा. त्या दारातून कोण आत गेलं हे कागदानिशी दाखवता येत असेल तरच 'लॉबी' लिही.

आणि कागद म्हटला की ज्ञापन. मराठी वर्तमानपत्रं निवेदन म्हणतात, पण इथल्या कलेक्टर कचेरीत ते ज्ञापनच असतं. मागण्यांचा मजकूर सगळ्यांचा सारखाच, तो भरभर वाच. खरा मजकूर असतो तो कडेला. वर लेटरहेडवर नोंदणी क्रमांक आहे का? पदाधिकाऱ्यांत एकाच आडनावाची किती माणसं? खाली 'प्रतिलिपि' म्हणून कोणाकोणाची नावं आहेत: खासदार, प्रभारी मंत्री, की फक्त आयुक्त? गटाची नजर कोणावर आहे ते तिथे कळतं. आवक शिक्क्याची तारीखही बघ. फोटो छापून आले आणि ज्ञापन आत पोचलंच नाही, असेही नमुने या शहरात पुष्कळ आहेत. नंतर विचार, खर्च कोण करतं.

नावाचा खेळ सरकारही करतं. परदेशी देणग्यांच्या 2010 च्या कायद्यात 'राजकीय स्वरूपाची संघटना' असा वर्ग आहे. त्यात गेलं की परदेशी पैसा बंद. बंद, हरताळ, रास्ता रोको करणाऱ्या संस्थांनाही त्यात ओढण्याची सोय नियमांत होती. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राजकीय हेतू नसताना लोकांच्या हक्कांच्या लढ्याला पाठिंबा देणाऱ्यांवर हा शिक्का मारता येणार नाही. शब्द कुठे बसवला यावर संस्थेची चूल पेटते की विझते ठरतं, म्हणून मी एवढा किस काढतोय.

नर्मदेच्या पाण्याचा तुझा परिच्छेद मात्र हलवू नकोस. 1970 साली नर्मदेचं पाणी शहरात आणा म्हणून इंदूर रस्त्यावर उतरलं तेव्हा सभासदत्वाची पावती कोणी विचारली नव्हती, ते आंदोलनच. त्यात पुढे असलेल्या 'अभ्यास मंडळ' या इथल्या संस्थेला हवं तर दबावगट म्हण, सगळ्या गर्दीला नको. पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून 1978 साली आलं, ते वर्ष तुझ्याकडून राहिलं आहे, घाल.

सोमवारपर्यंत दुसरा खर्डा पाठव. त्याआधी एकदा सराफ्यात जा आणि खाऊवाल्यांच्या संघटनेत गाड्यांवर राबणारे कारागीर सभासद आहेत की नुसते मालक, ते विचार. नुसते मालकच निघाले तर तुझा दुसरा परिच्छेद पुन्हा लिहावा लागेल.

तुझा,
काका