१९१२ चा हिमाऱ्याचा उठाव स्थानिक लोकांनी केला होता की ग्रीसने घडवून आणला?

तुमचा प्रश्न वाचला आणि बारा वर्षांपूर्वीचं भांडण डोक्यात पुन्हा सुरू झालं, म्हणून लिहितोय.

मी तेव्हा ग्रीक मालकाच्या मालवाहू जहाजावर एबी (अनुभवी खलाशी) होतो, ४ ते ८ चा वॉच (पहारा) चीफ मेटबरोबर, म्हणजे कप्तानाखालच्या अधिकाऱ्याबरोबर. तो कॉर्फू या ग्रीक बेटाचा. इटलीतल्या ट्रिएस्टे बंदराला चाललो होतो. पहाटे उजव्या हाताला अल्बानियाच्या डोंगरांमागे फटफटायला लागलं आणि हा म्हणाला, "तिथे हिमारा. ५ नोव्हेंबरला आम्ही सोडवला." मी आगाऊपणा केला : मी तर १८ नोव्हेंबर वाचलंय. झालं! (ग्रीसमध्ये तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालायचं, १३ दिवस मागे. दिवस एकच. हे मला नंतर कळलं.)

खरी ठिणगी पुढे पडली. मी म्हटलं, समुद्रावरून माणसं उतरली तर तो उठाव कसला, ती स्वारी. ग्रीस आणि शेजाऱ्यांचं तुर्कांशी पहिलं बाल्कन युद्ध चालू, आणि ग्रीक जेंडार्मरीतला (लष्करी पोलिसांतला) अधिकारी स्पिरोस स्पिरोमिलिओस स्वयंसेवक घेऊन उतरतो, त्यांत क्रीटचेही. काही तासांत गाव ताब्यात. मेट लालबुंद. "अरे, स्पिरोमिलिओस हिमाऱ्याचाच! माणसाने स्वतःच्या घरी जायला कोणाला विचारायचं?" ट्रिएस्टे येईपर्यंत हेल्मच्या (सुकाणूच्या) ऑर्डरशिवाय एक शब्द बोलला नाही माझ्याशी.

त्याचं अर्धं खरं होतं. तुर्की अमलात हिमाऱ्याला जुन्या सवलती होत्या, 'तरुण तुर्क' या तिथल्या सत्ताधारी गटाने त्या काढून घेतल्या, राग साचलेलाच होता. पण गावकऱ्यांनी साथ दिली एवढ्यावरून बेत गावात शिजला असं होत नाही. दहाच दिवसांनी, २८ नोव्हेंबरला, शेजारच्या व्लोरात अल्बानियाचं स्वातंत्र्य जाहीर झालं, ते तर मेटच्या हिशोबात नव्हतंच. डिसेंबर १९१३ मध्ये युरोपातल्या बड्या सत्तांनी फ्लोरेन्सला सीमेची रेघ ओढली, हिमारा अल्बानियात गेला. स्पिरोमिलिओसने फेब्रुवारी १९१४ मध्ये हिमाऱ्याची स्वायत्तता पुकारली, पण टिकली नाही. गाव आजही अल्बानियातच आहे.

हां, एक राहिलं. हिमारा म्हणजे एकच गाव धरू नका. त्या नावाखाली किनाऱ्यावरची बरीच गावं येतात, कुठे ग्रीक बोलतात, कुठे अल्बानियन. त्यामुळे 'स्थानिक' म्हणताना कुठल्या गावचे, ते आधी विचारा.

आणि मेटचं ते वाक्य. "आम्ही सोडवला" म्हणाला होता तो. कॉर्फूचा माणूस, हिमाऱ्याचा नव्हे. तेव्हा ब्रिजवर हे सुचायला हवं होतं.