रामायण-महाभारतातल्या स्त्रिया फक्त सोसतच राहिल्या का?

तुम्ही विचारलंय की सीता, द्रौपदी, कुंती यांनी जन्मभर सोसलंच, मग आजच्या मुलींना त्यांच्या गोष्टी सांगायच्या कशाला? माझी मुलगी बारा वर्षांची आहे, त्यामुळे हा प्रश्न माझाही आहे.

आमचं गाव एरंडोल तालुक्यातलं. एरंडोल म्हणजेच महाभारतातली एकचक्रा नगरी, असं इकडे मानतात. पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला गेलं की भीमकुंड दाखवतात आणि भीमानं बकासुर मारल्याचं सांगतात. पण भीमाला तिथं पाठवलं कुणी, हे मला कळलं ते मोठ्या मायकडून. उन्हाळ्यात पहाटे ज्वारीचं पीठ शिजवायचं, खाटेवर जुनं लुगडं अंथरायचं आणि बिबडे थापता थापता तिनं गोष्ट सांगायची, असा आमच्याकडचा रिवाज होता.

लाक्षागृहातून जीव वाचवून कुंती पाच पोरांसह एकचक्रेत लपून राहत होती. विधवा, राजाच्या घरची, आणि आता भिक्षेवर जगणारी. आणलेल्या भिक्षेतली अर्धी भीमाला, उरलेली अर्धी बाकी सगळ्यांना. एक दिवस ज्यांच्या घरी आसरा मिळाला होता त्या ब्राह्मणाकडे रडारड ऐकू आली. बकासुराला गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस द्यायची पाळी त्यांच्यावर आली होती. नवरा म्हणे मी जातो, बायको म्हणे मी, मुलगी म्हणे मी. तेवढ्यात बोबडं बोलणारं त्यांचं पोरगं गवताची काडी घेऊन म्हणालं, मी ह्यानं राक्षसाला मारतो. रडता रडता सगळ्यांना हसू आलं. त्या क्षणी कुंती पुढे झाली. म्हणाली, मला पाच मुलं आहेत, त्यातला एक जाईल.

धर्मराज घरी आला तेव्हा आईवर चिडला. ज्याच्या बळावर आपण जगतोय त्यालाच पाठवतेस? कुंती ढळली नाही. यांच्या घरात आपण सुखानं राहिलो, ते ऋण फेडायचं आहे, आणि भीमाचं बळ मला माहीत आहे, असं तिनं समजावलं. शेवटी धर्मराजानं मान्य केलं. सोसणारी बाई असा निर्णय घेते का, तुम्हीच सांगा.

द्रौपदीचं तर सगळ्यांना ठाऊक आहे. मोठी माय तिच्याबद्दल एवढंच म्हणायची, ‘द्रौपदी रडनी, पन तिनी इचारं बी.’ आधी स्वतःला हरलात की मला, या तिच्या प्रश्नाला भीष्मांनासुद्धा धड उत्तर देता आलं नाही. मला त्याहून मोठं वाटतं ते पुढचं. धृतराष्ट्रानं वर दिले तेव्हा पहिल्यात तिनं युधिष्ठिराला सोडवलं, दुसऱ्यात उरलेल्या चौघांना त्यांच्या रथ-धनुष्यांसह. तिसरा वर तिनं घेतलाच नाही. लोभानं धर्म बुडतो म्हणाली. राज्य मागता आलं असतं, पण तिला ते दानात नको होतं.

सीतेवर मी वेगळं लिहीन. आत्ता इतकंच, की शेवटी पुन्हा शपथ घ्यायला सांगितल्यावर ती अयोध्येला परतली नाही.

एक गोष्ट मात्र मुलीपासून मी लपवत नाही. लाक्षागृह जळालं त्या रात्री एक निषाद बाई आपल्या पाच मुलांसह तिथं झोपली होती. कुंतीनं दिलेल्या जेवणाला आली होती, पिऊन तिथेच पडली. सकाळी सहा मृतदेह पाहून लोकांना वाटलं, पांडव गेले. पोथीत तिचं नावसुद्धा नाही. कुंतीचा मोठेपणा सांगताना हे गाळलं तर मला खोटं बोलल्यासारखं होतं.

मुलीनं हे ऐकलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘आई, आपण तिला नाव देऊया का?’ अजून ठरलेलं नाही, रोज एक नवं सुचवते.