दहा माणसं उरली नाहीत

प्रश्न : आमच्या गावात इस्राएल लोकांची, म्हणजे बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यूंची आळी होती, त्यांचं सिनेगॉग म्हणजे प्रार्थनास्थळही होतं. गावातले त्याला मशीदच म्हणायचे. आता नुसतं जोतं उरलंय, त्यावर रान माजलंय. माझा मुलगा जर्मनीत असतो. तिथे जाळलेल्या सिनेगॉगच्या जागी लावलेली पाटी आणि फुटपाथवर बसवलेल्या नावांच्या पितळी चकत्या तो बघून आला. आपणही ‘उद्ध्वस्त सिनेगॉग, नामशेष ज्यू समाज’ असा फलक लावू म्हणतो. वर्गणी जमली आहे. मजकूर कसा असावा?
– एक वाचक, रोहा तालुका

उत्तर : ताई, फलक जरूर लावा, पण जर्मनीची गोष्ट कोकणाच्या जोत्यावर लिहू नका. तिथे नोव्हेंबर १९३८ मध्ये नाझींनी सिनेगॉग पेटवली, आगीचे बंब शेजारची घरं वाचवायला उभे राहिले, आणि पुढच्या काही वर्षांत माणसंही मारली. त्या चकत्यांवर नाव, जन्मसाल आणि माणसाचं काय केलं ते असतं.

आपल्याकडे कोणी काडी लावली नाही. त्यांच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. बरीच घरं आधीच नोकरीधंद्यासाठी मुंबईला गेली होती. १९४८ ला इस्राएल देश झाला आणि उरलेली हळूहळू तिकडे निघाली. दहाचे नऊ झाले की सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, दुसऱ्या सिनेगॉगमध्ये जाते, दार लागतं. मग कौलं, वासे आणि आपला पाऊस. वरच्या आळीतल्या चाकरमान्यांच्या बंद घरांचं काय होतं ते तुम्ही बघताच आहात.

आणि नामशेष तर मुळीच नाही. इस्राएलमधल्या लोद, दिमोना, अश्दोदला जा, घरात मराठी ऐकू येईल. तिथे महाराष्ट्र दिन साजरा होतो, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं. तिथे गेल्यावर सगळं गोड झालं असंही नाही बरं का. हे खरे ज्यू आहेत का, यांच्याशी लग्न चालेल का, अशी शंका तिथल्या धर्मगुरूंनी काढली. आपल्या माणसांनी आंदोलन केलं, तेव्हा १९६४ मध्ये सरकारने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं मान्य केलं. हे आपल्या पाठ्यपुस्तकात का नाही, मला कळत नाही.

म्हणून मजकूर आधी त्यांना विचारा. जर्मनीत बहुतेक ठिकाणी विचारायला माणूस उरला नव्हता, तुम्हाला आहे. शोध सोपा आहे, कारण आडनावात गाव असतं. तुमच्या तालुक्यातलेच रोहेकर आणि अष्टमकर घ्या. अलिबागला इस्राएल आळीतलं मागेन अबोथ, रेवदंड्याचं बेथ एल, नाहीतर ठाण्याचं शार हाशामाईम, या सिनेगॉगमध्ये चौकशी केली तर तुमच्या गावचं आडनाव लावणारं कोणीतरी नक्की निघेल.

गावातल्या म्हाताऱ्यांनाही बोलतं करा. घाणा कुणाचा होता, विहीर कोणती, घर कुणी घेतलं? शनिवार हा त्यांचा धर्माने पाळायचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी तेलाचा घाणा बंद म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव पडलं, ते फलकावर यायलाच हवं. आमच्या शेजारी इस्राएल काकू होत्या. बिरड्याच्या सणाला आमची आई त्यांच्या ओटीवर बसून मोड आलेले वाल सोलू लागायची. आम्हा पोरांना तो वालाचाच सण वाटायचा. यरुशलेमचं मंदिर पाडलं गेलं त्याचा तो दुखवटा, हे मला पुष्कळ उशिरा कळलं, आणि आईला बहुधा कधीच नाही. असं काही तुमच्या गावात सापडलं तर पाटीवर दोन ओळी त्याच्या घाला, बाकी इतिहास पोरं मोबाईलवर वाचतील.

फलकाआधी मात्र कबरस्तान बघा. त्यांच्या थडग्यांवर हिब्रूच्या जोडीला मराठीही असते, नावगाव त्यातूनच मिळेल. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात. दगड हलवू नका, आणि उत्साहाच्या भरात ऑइलपेंट तर अजिबात मारू नका. कुंपण घालायचं झालं तरी आधी त्या कुटुंबांना आणि ग्रामपंचायतीला विचारा.

माझ्या मते या ओळींखेरीज मजकूर एवढाच : ‘येथे बेने इस्राएल समाजाचे सिनेगॉग होते.’ खाली कुटुंबांची आडनावं, आणि ती आज कुठे राहतात ते.

अनावरण शनिवारी ठेवू नका, आमदारांना तोच दिवस मोकळा असला तरी.