मासिकं सांगतो, पण आधी एफडी मोडा

वाचकाचं पत्र: मी २९ वर्षांचा, चाकणला एका कंपनीत नोकरीला आहे. हातात ४८ हजार येतात. फोटोग्राफीचा नाद आहे. गेल्या वर्षी एका मासिकातलं परीक्षण वाचून फुल-फ्रेम कॅमेरा आणि लेन्स क्रेडिट कार्डावर घेतली. त्यातले १ लाख ४० हजार बाकी आहेत, पण मिनिमम ड्यू, म्हणजे दरमहा भरावीच लागणारी किमान रक्कम, एकदाही चुकवलेला नाही. आता नीट शिकायचं ठरवलं आहे. अ‍ॅपर्चर, ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी, अमॅच्युअर फोटोग्राफर आणि मिळालं तर पॉप्युलर फोटोग्राफी, अशी यादी केली आहे. टपालासकट वर्षाला २४ हजारांच्या आसपास जातील, तीन वर्षांची वर्गणी एकदम भरली तर सवलत आहे. कोणती घ्यावीत? पुढच्या वर्षी प्री-वेडिंगची कामं आणि स्टॉक फोटो यांतून खर्च निघेलच. बाकी सगळं ठीक आहे. आईच्या सांगण्यावरून केलेली दोन लाखांची एफडी आहे, तिला हात लावत नाही. बँकेतल्या साहेबांनी दिलेली वर्षाला ६० हजारांची गॅरंटीड पॉलिसी आहे, एक हप्ता भरून झाला.

उत्तर:

बाकी सगळं ठीक नाही, आणि मासिकांची निवड हा तुमच्या पत्रातला सगळ्यात छोटा प्रश्न आहे. त्याचं उत्तर शेवटी देतो. आधी कार्ड.

मिनिमम ड्यू वेळेवर भरला की उशिराचा दंड लागत नाही आणि क्रेडिट स्कोअरवर थकबाकीची नोंद होत नाही. त्याचा फायदा एवढाच. उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतं. बहुतेक कार्डांवर ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. १ लाख ४० हजारांवर महिन्याचं व्याज ४,९०० रुपये, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ९०० धरा. झाले ५,८००. बाकीच्या पाच टक्के धरून तुम्ही भरता ७,०००. म्हणजे कर्जातून उतरतात जेमतेम १,२०० रुपये. या गतीने वर्षभरात ऐंशी हजारांच्या घरात भराल आणि बाकी चौदा हजारांनी कमी होईल. हे तुम्हाला आजवर कोणीच सांगितलं नाही याचा मला खरोखर राग येतो. स्टेटमेंटवर मिनिमम ड्यूचा आकडा ठळक छापतात, हा हिशोब कोणी मांडून दाखवत नाही.

आता मासिकांची वर्गणीही त्याच कार्डावरून भरलीत तर काय होईल ते पाहा. मागची बाकी पूर्ण फेडलेली नसेल तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. २४ हजारांवर महिन्याला हजार रुपये. वर्गणी परदेशी चलनात असल्याने बहुतेक कार्डांवर वर तीन-साडेतीन टक्क्यांचा अधिभार आणि त्यावरही जीएसटी. वर्षअखेरीस ती मासिकं तुम्हाला ३६-३७ हजारांना पडतील.

आणि हे सगळं चालू असताना दोन लाख रुपये साडेसहा टक्क्यांनी एफडीत बसले आहेत! त्यातल्या १ लाख ४० हजारांवर एफडी तुम्हाला वर्षाला नऊ हजार देते, तेही करपात्र. तेवढ्याच रकमेवर कार्ड तुमच्याकडून पासष्ट हजारांच्या वर घेतं. एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक साधारण एक टक्का व्याज कापेल, म्हणजे फार तर दोन हजारांचं नुकसान. ते कार्डाच्या दहा-बारा दिवसांच्या व्याजात भरून निघतं. संपूर्ण बाकी एकाच वेळी भरा. पुढच्या स्टेटमेंटमध्ये मधल्या दिवसांचं थोडं व्याज येईल, तेही भरा. उरलेले ५५-६० हजार अडीअडचणीसाठी ठेवा आणि आजवर कार्डाला जाणारे ७ हजार दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाका. दीड-पावणेदोन वर्षांत एफडी पुन्हा दोन लाखांची होईल.

आईंचा विषय नाजूक आहे, ते समजतं. त्यांनी एफडी करायला लावली ती तुमच्या अडचणीच्या वेळेसाठी. ही ती वेळ आहे. त्यांना नऊ हजार आणि पासष्ट हजार हे दोन आकडे कागदावर लिहून दाखवा. कार्डावरचं कर्ज त्यांना माहीत नसेल तर तेही सांगा. त्याशिवाय त्यांना तुमचा निर्णय पटणार नाही.

पॉलिसी. तुम्ही पाठवलेल्या कागदपत्रांप्रमाणे ६० हजार रुपये दहा वर्षं भरायचे आणि विसाव्या वर्षी १२ लाख मिळणार. साहेबांनी 'डबल, तेही गॅरंटीड' असं सांगितलं असणार. तुमचा एकेक रुपया सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो आणि दुप्पट होतो, म्हणजे परतावा साडेचार टक्के. पीपीएफ या सरकारी बचत योजनेचा आजचा दर ७.१ टक्के आहे. तेच हप्ते तितकीच वर्षं त्या दराने वाढले असते तर पावणेअठरा लाखांच्या आसपास झाले असते. विमा म्हणून पाहिलं तर संरक्षण सहा लाखांचं, तुमच्या जेमतेम वर्षभराच्या पगाराएवढं. एक कोटीचा टर्म विमा (परतावा नाही, फक्त संरक्षण) तुमच्या वयाला, सिगारेट ओढत नसाल तर, वर्षाला दहा-बारा हजारांत मिळतो. तुमच्या पगारातले महिन्याला पाच हजार या पॉलिसीत जात होते म्हणूनच कार्डाला मिनिमम ड्यूपलीकडे काही उरलं नाही. ज्याच्या डोक्यावर ४२ टक्क्यांचं कर्ज आहे त्याला वीस वर्षांची साडेचार टक्क्यांची पॉलिसी विकणं हे चूक आहे, विकणारा कितीही गोड बोलणारा असला तरी.

पॉलिसी परत करण्याची तीस दिवसांची मुदत गेली. पण १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरला असेल तर पहिलं पॉलिसी वर्ष संपल्यावर सरेंडर केल्यास काही रक्कम मिळते. दुसरा हप्ता भरण्याआधी विमा कंपनीला, बँकेतल्या साहेबांना नव्हे, लेखी विचारा: सरेंडर केली, म्हणजे बंद करून पैसे परत घेतले, तर किती; पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली, तर किती. कमी नुकसानीचा मार्ग घ्या, पण टर्म विमा हातात आल्यावरच. वाचलेल्या पैशांतून आईंचा आरोग्य विमा नसेल तर तो घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही.

'खर्च निघेलच' या भरवशाबद्दल एकच हिशोब देतो. स्टॉक फोटो विकणाऱ्या शटरस्टॉक या संकेतस्थळाने २०२० मध्ये बदललेल्या मोबदल्यात छायाचित्रकाराला एका डाउनलोडमागे किमान दहा सेंट मिळतात, म्हणजे नऊ रुपयांच्या आसपास. त्या दराने कार्डाची बाकी फेडायला साडेपंधरा हजार डाउनलोड लागतील. दहापट दर मिळाला तरी दीड हजार. प्री-वेडिंगची कामं मिळतीलही, मिळावीत, पण पहिलं काम बहुधा मित्राचं असतं आणि ते फुकटात होतं. जे पैसे अजून आलेच नाहीत त्यांच्या भरवशावर वर्गणी भरू नका.

आता मासिकं. पॉप्युलर फोटोग्राफी यादीतून काढा. १९३७ साली सुरू झालेलं हे अमेरिकन मासिक २०१७ मध्ये छापील स्वरूपात बंद पडलं. म्हणूनच तीन वर्षांची वर्गणी आगाऊ भरायची नाही, सवलत कितीही असो. ऐंशी वर्षं चाललेलं मासिकही बंद होतं.

अमॅच्युअर फोटोग्राफर १८८४ पासून निघतं. तंत्र चांगलं शिकवतं, पण कॅमेरे आणि लेन्सची परीक्षणं हा त्याचा मोठा भाग आहे. तुमचं कर्ज सुरू झालं ते एका परीक्षणामुळे. निदान दोन वर्षं असलं मासिक घरी येऊ देऊ नका.

अ‍ॅपर्चर अगदी वेगळं. १९५२ मध्ये ॲन्सेल अ‍ॅडम्स, डोरोथिया लँग, मायनर व्हाइट या छायाचित्रकारांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काढलं. त्रैमासिक आहे, उपकरणांची चर्चा नाही, फोटो आणि फोटोंबद्दलचं लेखन आहे. एकेक अंक सावकाश पाहावा लागतो, एका फोटोपाशी दहा मिनिटं थांबावं लागतं, आणि फोटो पाहायला शिकायचं असेल तर हेच करावं लागतं. ब्रिटिश जर्नल १८५४ साली लिव्हरपूलला सुरू झालं, आज ते समकालीन छायाचित्रकारांच्या कामावर भर देतं. तुम्हाला माणसांचे फोटो काढायचे आहेत म्हणून तेही उपयोगी, पण दोन्ही एकदम नकोत. माझं मत अ‍ॅपर्चरला, आणि डिजिटल आवृत्ती. परदेशी टपालाचा खर्च वाचतो.

तुमच्या यादीत एकही भारतीय मासिक नाही, याचं वाईट वाटलं. मुंबईहून १९९७ पासून निघालेल्या बेटर फोटोग्राफीचे जुने अंक शोधा. मंडपातला पिवळा उजेड, दुपारचं कडक ऊन, हळदीतली गर्दी यांच्याशी झगडलेल्या आपल्याच लोकांचं काम त्यात आहे. प्री-वेडिंग करायचं तर हेच लागणार. मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ फुटपाथवर, पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत चौकशी करा. परीक्षणांची पानं जुनी झालेली असतील, ती सोडून द्या. रचना आणि प्रकाशावरचे लेख जुने होत नाहीत. भिगवणला फ्लेमिंगो टिपायला जात असाल तर १९८१ पासून निघणारं, वन्यजीवांवरचं सँक्च्युअरी एशियाही पाहा.

मॅग्झटरसारख्या ॲपवर एकाच वर्गणीत पुष्कळ मासिकं असतात. तुम्हाला हवी ती तिथे आहेत का हे आधी तपासा, एक महिना वाचून पाहा. कार्ड पूर्ण फिटल्यावर वर्षाला चार-पाच हजार रुपये मासिकांसाठी जरूर ठेवा. त्यात एका परदेशी मासिकाची डिजिटल वर्गणी आणि जुन्या अंकांचा गठ्ठा, दोन्ही बसावं. वर्गणी भरताना आपोआप नूतनीकरणाचा पर्याय बंद करून ठेवा.