बरणी रंगवताना

प्रश्न: जुन्या अमेरिकन मातीच्या भांड्यांची जलरंगचित्रं पाहिली. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. आधी फोटोच वाटले. कॅमेरा असताना हाताने का रंगवली? मला तसं रंगवायचंय, सुरुवात कशी करू? – एक वाचक, सांगली

उत्तर: ही 'इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन'ची चित्रं. महामंदीत बेकार झालेल्या चित्रकारांना १९३५ ते १९४२ या काळात सरकारने पगार देऊन जुन्या वस्तू रंगवायला बसवलं. सुमारे १८ हजार चित्रं झाली. रंगीत फोटो तेव्हा महाग होते, त्यांचे रंगही भरवशाचे नसत.

पण मला विचाराल तर ही भांडीच ब्रश मागतात. पेनसिल्व्हेनियातले जर्मन वंशाचे कुंभार लाल मातीच्या ताटावर पांढऱ्या मातीचा लेप देत आणि तो खरवडून ट्यूलिपची फुलं काढत; खालची लाल माती रेघेतून वर येई. दगडासारख्या टणक भाजलेल्या मातीच्या बरण्यांची तऱ्हा निराळी. भट्टी रसरसली की आत मीठ टाकायचं. त्याच्या वाफेने मातीवर काचेसारखा थर चढतो, संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत, आणि त्याखाली कोबाल्टचा निळा पक्षी. तो पोत रंगवायचा तर चित्रकाराला बरणीसमोर बसून राहावंच लागतं, आणि ते बसणं मला या चित्रांत दिसतं.

एक उणीव मला फार सलते. मूळ रहिवाशांची, प्वेब्लो लोकांची मडकी यात घेतलीच नाहीत. त्या भूमीवरची सगळ्यांत जुनी कुंभारकला बाहेर राहिली.

या प्रकल्पाची कल्पना मांडणाऱ्यांपैकी रूथ रीव्ह्ज पुढे १९५६ साली भारतात आल्या, इथल्या हस्तकलांवर काम करत राहिल्या आणि १९६६ साली दिल्लीतच वारल्या. त्यांच्याबद्दल आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही.

आता तुमचं. घरातली लोणच्याची बरणी खिडकीजवळ ठेवा, उजेड एकाच बाजूने येऊ द्या. आधी पेन्सिलीने आकार मोजूनमापून घ्या. चकाकीची जागा कोरी सोडा, पांढरा रंग वापरू नका. पातळ थर द्या, प्रत्येक पूर्ण वाळू द्या. पोत मात्र शेवटी, जवळजवळ कोरड्या ब्रशने, बारीक फटकाऱ्यांनी. टवका उडाला असेल तर तोही रंगवा. चित्रामागे बरणीची उंची, ती कुठून आली आणि कुणी वापरली, हे लिहून ठेवा.